शिंपल्यातले बिऱ्हाडकरू

“...मग त्याला पाहुणा म्हणायचं, की चोर?”

वझेबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. एक खडा सापडला, तो त्यांनी पडवीबाहेर टाकला.

“कुणाला?”

“किड्याला, बाई. शिंपल्यात राहतो, त्या.”

“शिंपल्याला विचारलंस?”

“शिंपला काय सांगणार?”

“मग मी तरी काय सांगणार? मी त्या घरात कधी गेलेली नाही.”

शार्दूल सर हसले. म्हातारी माणसं गंमत करतात तेव्हा तरुण माणसं हसतात, तसं. मी हसलो नाही. मी बाईंच्या हाताखाली एकवीस वर्षं काढली आहेत. बाई गंमत करतात तेव्हा सावरून बसायचं असतं.

शार्दूल सर म्हणजे डॉक्टर शार्दूल वानखडे. मूळचे अकोल्याचे, वय चौतीस. आमच्या संस्थेत आठ वर्षं आहेत, पण कसे? दर मार्चअखेर नेमणूक संपते आणि एप्रिलात पुन्हा सुरू होते. माणूस हुशार, ते मी नाकारत नाही. फक्त हुशारी कोऱ्या चपलेसारखी करकरायची.

मी बाबल सातार्डेकर. त्याच संस्थेत समुद्रातले नमुने सांभाळतो. शिक्षण दहावी. पुढचं सगळं बाईंकडून.

आणि बाई म्हणजे डॉक्टर इंदुमती वझे. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, वेंगुर्ल्याच्या अलीकडे खाडीकाठी एकट्या राहतात. पाठीवर खवले असलेल्या समुद्री किड्यांबद्दल आमच्या लोकांत शेवटचा शब्द त्यांचा. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं त्या पुढं ढकलतायत.

त्या सकाळी सर आणि मी संस्थेच्या गाडीनं त्यांच्याकडे आलो होतो. सरांना बाईंचं एक पत्र हवं होतं.

किड्याची गोष्ट अशी.

समुद्रात पावणेतीन हजार मीटर खाली ऊन कधी पोचलेलं नाही. तिथं तळाला भेगा आहेत. भेगांतून कढत पाणी वर येतं आणि त्या पाण्याच्या कडेनं शिंपल्यांची दाटी असते. या शिंपल्यांच्या कल्ल्यांत जिवाणू राहतात. ते गंधकाच्या पाण्यावर आपला स्वयंपाक करतात आणि शिंपल्यालाही जेवू घालतात. अशा त्या शिंपल्यात, कल्ल्यांच्या पडद्याआड, बोटाच्या पेराएवढा एक गुलाबी किडा राहतो. तो बाहेर म्हणून पडत नाही.

“काहीजण म्हणतात, तो शिंपल्याचं उष्टं खातो,” सर सांगत होते. “काहीजण म्हणतात, कल्ले कुरतडतो, चांगला घास पळवतो. मला लेखात एक शब्द लिहावा लागेल.”

“लिही की.”

“कुठला?”

“बिऱ्हाडकरू.”

“तो शास्त्रातला शब्द नाही, बाई.”

“नसू दे. बिऱ्हाडकरू चांगला की वाईट, हे घरमालकाला तरी कुठं एका वर्षात कळतं?”

सरांनी मान डोलावली. मग त्यांनी बाईंना किड्यांचा इतिहास सांगायला घेतला. बाईंना! मी खांबाला टेकून ऐकत होतो.

“यांचे चुलते बाहेर मोकळे फिरतात, बाई. खडकांवरून. पाठीवर चिलखत, तोंडात भक्कम जबडे, शिकार करून खाणारे. त्यांच्यातला कुणीतरी कधीतरी शिंपल्यात शिरला. मग पिढ्यान् पिढ्या आतच. खवले मऊ झाले, अंग मऊ झालं...”

“का शिरला?”

“आसरा. अन्न.”

“आणि शिंपल्यानं का घेतला?”

“ते... ते अजून कुणी सांगितलेलं नाही.” सर किंचित अडखळले, पण थांबले नाहीत. “आणि गंमत अशी, की कुठल्याही महासागरातला घ्या, दिसायला एकसारखा. डीएनए काढला की वेगळा. एके ठिकाणी एकच किडा तीन-चार जातींच्या शिंपल्यांत राहतो. दुसरीकडे एकाच जातीच्या शिंपल्यात वेगवेगळे किडे. नुसतं वरून बघून काही कळायचं नाही.”

“कळायचं नाही म्हणतोस.”

“पूर्वी नाही कळायचं. आता आम्ही आहोत ना.”

आम्ही म्हणजे सर. मला त्यात धरायची पद्धत नव्हती.

त्यांनी दोन बरण्या काढून बाईंच्या पुढ्यात ठेवल्या. एकीत अडतीस मोठे किडे, दुसरीत तेवीस लहान. मोठा पेराएवढा, लहान त्याच्या निम्माही नाही.

“दोन नव्या जाती आहेत, बाई. एका शिंपल्यात दोन प्रकारचे बिऱ्हाडकरू म्हणा तुमच्या शब्दात. मोठ्याला मी तुमचं नाव देतोय.”

“माझं? तो लठ्ठ आहे म्हणून?”

या वेळी मीसुद्धा हसलो.

सर मात्र गंभीर झाले. सगळं बोलून टाकायचं त्यांनी घरून ठरवून आणलं असावं. “बाई, लेख सोमवारी जायचाय. जाणत्या माणसानं नमुने बघितल्याचं पत्र जोडा, असं संपादकांनी कळवलंय. गुरुवारी निवड समिती बसतेय. आठ वर्षांनी एक कायमची जागा निघाली आहे. दोन जाती नावावर असतील तर ती मला मिळेल, नाहीतर नाही. या वेळी हुकलं तर मी अकोल्याला परत जाणार. शिकवण्या घेईन.”

बाईंनी मोठ्यांची बरणी उचलली, उजेडाकडे धरली, चांगल्या डोळ्याजवळ नेली.

“देखणी आहे ही. कुठल्या घरातली?”

“हिंदी महासागराच्या मधोमध, पावणेतीन हजार...”

“ते गाव झालं. मी घर विचारलं.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी सुपातल्या तांदळांकडे बघितलं.

इथं मला आठ महिन्यांपूर्वीचं, जहाजावरचं सांगावं लागेल.

बाईंची एक रीत होती. शिंपला उघडला की आत जे सापडेल ते त्याच शिंपल्याबरोबर ठेवायचं. एक शिंपला, त्यातले किडे, एक पिशवी, एक चिठ्ठी आणि वर दोऱ्याची गाठ. गाठ सुटली की नमुना गेला, असं त्या म्हणायच्या. यंत्राच्या हातानं तळावरून पन्नास शिंपले वर आणले, तेव्हा मी त्याच रीतीनं बसलो होतो. एक्केचाळीस उघडून झाले होते, एक्केचाळीस गाठी मारून झाल्या होत्या. सर आले.

“काका, हा काय बाजार मांडलाय? एवढ्या पिशव्या ठेवायला जागा कुठाय? शिंपला कुठला ते आपल्याला माहीत आहे. किडे तेवढे काढून घ्या. मोठे एकीकडे, लहान एकीकडे.”

आणि कात्री त्यांनी स्वतः हातात घेतली. एक्केचाळीस गाठी कापायला त्यांना दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. टरफलं समुद्रात गेली.

मी गप्प बसलो. दहावी पास माणसानं डॉक्टरांपुढं बोलायचं नसतं. राग मात्र गिळला नाही, तो जपून ठेवला.

पडवीत सर म्हणाले, “घरं... एकत्र केली, बाई. जागेची अडचण होती. पण रूप इतकं स्पष्ट आहे! लहानांच्या पोटाकडच्या बारीक उंचवट्यांची मांडणी बघा, मोठ्यांपेक्षा अगदी वेगळी. मग घर कशाला लागतं?”

“हं.”

बाईंनी बरणी खाली ठेवली.

“जेवायला चला. शिणाणे केलेत.”

शिणाणे म्हणजे आमच्या खाडीच्या तोंडाशी खडकांना चिकटून असतात ते हिरवट शिंपले. आनशी म्हणून एक म्हातारी ते खरवडून काढते आणि बाईंकडे आणून देते. बाई त्यांचं खोबरं घालून सुकं करतात, टरफलासकट. मध्ये एक मोठा थाळा ठेवलेला असतो. खाऊन झालं की टरफल ज्यानं त्यानं थाळ्यात टाकायचं.

अकोल्याच्या माणसाला शिणाणे नवे, पण सरांना आवडले. दुसऱ्यांदा वाढून घेतले. मग त्यांचा हात थांबला.

“हे काय?”

शिणाण्याच्या मांसात वाटाण्याएवढा खेकडा होता. पांढरट, फुगीर, मऊ. सरांनी तो ताटाच्या कडेला ठेवला. थोड्या वेळानं आणखी एक सापडला. हा मसुराएवढाच, काळसर आणि टणक. तोही कडेला गेला.

“किती प्रकारचे आहेत रे?” बाईंनी विचारलं.

“मी किड्यांचा माणूस, बाई. खेकड्यांचा नाही. पण...” सरांनी मान वाकवली, बोटानं उलटेपालटे केले. “हा मऊ, हा टणक. पायही वेगळे. दोन प्रकार.”

“नक्की?”

“उघड दिसतंय.”

“बरं. जेवण झालं की दोघांना आपापल्या घरी पोचव.”

सर पुन्हा हसायला लागले होते. बाई हसत नाहीत असं बघून त्यांनी थाळ्याकडे पाहिलं. तिघांनी टाकलेली टरफलं, पन्नास-साठ तरी असतील. सगळी हिरवी, सगळी रिकामी. त्यांनी एक उचललं, पालथं करून पाहिलं, ठेवलं. दुसरं उचललं.

“कसं कळणार, बाई?”

बाई ताक पीत होत्या.

तेवढ्यात मागच्या दारी आनशी आली, सकाळची पाटी न्यायला. बाईंनी तिला आत बोलावलं आणि सरांच्या ताटाकडे बोट दाखवलं.

“आनशी, ही कोण गं?”

आनशीनं वाकून पाहिलं. “ही? ही बाईल. शिणाण्यात बसान रवता. जल्मात भायर पडना नाय.”

“आणि हा बारका?”

“ह्यो तिचो घोव. ह्या घरातसून त्या घरात फिरत रवता, मेलो.”

सरांचा हात ताटातच राहिला.

“कशावरून?” ते म्हणाले. “दोघं एकमेकांसारखे दिसतसुद्धा नाहीत.”

“दिसाक कशाक व्हये?” आनशीला प्रश्नच कळेना. “चाळीस वर्सां उघडतंय मा मी! दोघां एकाच घरात गावतत. घर बघल्याशिवाय घोव-बाईल कोणाक कळतत काय?”

तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि ती गेली. तिला घरी पोचायचं होतं.

सर उठले, उष्ट्या हातानंच पडवीत गेले आणि दोन्ही बरण्या शेजारी शेजारी धरून उभे राहिले. मी त्यांच्या मागून गेलो. बाई हात धुऊन आल्या.

“मोठ्यांत नर किती निघाले?” त्यांनी विचारलं.

“अंडी दिसली बऱ्याच जणींत. नर... अजून सापडलेला नाही. वाटलं, पुढं सापडेल.”

“आणि लहानांत मादी?”

“एकही नाही, बाई.”

“मग?”

“नवरा-बायको असतील. किंवा नसतीलही. लहानांमध्येच दोन जाती असतील, मोठ्यांमध्ये तीन असतील. एक-एक शिंपला बघितला असता तर कळलं असतं.” त्यांनी बरण्या खाली ठेवल्या. “मी बघितला नाही.”

“डीएनए?”

“मोठ्यांचा निघतो. ते स्पिरिटमध्ये आहेत. लहानांना मी फॉर्मालिनमध्ये टाकलं. रूप चांगलं राहावं म्हणून.”

फॉर्मालिनमध्ये गेलेल्या जिवाचं रूप चांगलं राहतं, पण आतलं सगळं बिघडतं. ते मला ठाऊक आहे, मग त्यांना काय सांगायचं.

“परत जाता येईल तिथं?”

“जहाज त्या बाजूला पुन्हा जायला पाच वर्षं तरी. कदाचित जाणारही नाही.”

खाडीवरून वारा येत होता. बाई त्यांच्या खुर्चीवर बसल्या. सर पायरीवर बसले, आमच्याकडे पाठ करून.

“बाई,” ते म्हणाले, इतक्या हळू की मला पुढं सरकावं लागलं. “दोन जाती आहेत हे सिद्ध होत नाही. तशा नाहीत हेही सिद्ध होत नाही. लेख आहे तसा गेला, तर चूक आहे असं कुणी म्हणू शकणार नाही. कुणाला... कळणारही नाही.”

या क्षणाची मी आठ महिने वाट बघत होतो. सर असे खाली बसलेले मला बघायचे होते. आणि बसले, तेव्हा मात्र मला ते बघवेना. त्यांच्या बोटांवरचं खोबरं अजून तसंच होतं.

बाई उठून आत गेल्या. परत आल्या त्या नाव छापलेला एक कागद आणि पेन घेऊन. कागद मांडीवर धरून त्यांनी अगदी खाली सही केली, तारीख घातली. वर सगळा कागद कोरा. तो त्यांनी सरांना दिला.

“वरचं तू लिही. मला बारीक लिहायला दिसत नाही.”

सर कागदाकडे बघत राहिले. “काय लिहू?”

“जे दिसलं ते.”

“बाई!” मी ओरडलो. एकवीस वर्षांत त्यांच्यापुढं माझा आवाज कधी चढला नव्हता. “अहो, कोऱ्या कागदावर सही देताय? हे उद्या वाट्टेल ते लिहितील!”

बाई माझ्याकडे वळल्या.

“बाबल, तुझ्या पिशवीला सकाळपासून स्पिरिटचा वास येतोय.”

मी पिशवी पायाआड सरकवली.

“दाखव.”

नाही म्हणायची सोय नव्हती. मी पिशवीतून बरणी काढली. आत नऊ शिंपले होते, गडद, हाताच्या पंजाएवढे. प्रत्येकाला आतपर्यंत स्पिरिट जावं म्हणून फटीत लाकडाची काडी घातलेली, प्रत्येकावर दोरा, प्रत्येकावर गाठ, गाठीला चिठ्ठी. एकही उघडलेला नाही.

सर उठून उभे राहिले.

“पन्नास होते,” ते म्हणाले. “मी नोंदीत एक्केचाळीस लिहिले. मला वाटलं, मोजण्यात चूक झाली...”

“चूक नव्हती,” मी म्हणालो. “तुम्ही कात्री घेतलीत, तेव्हा हे नऊ उघडायचे राहिले होते. मी ते माझ्या पेटीत ठेवले.”

“का दिले नाहीस?” बाईंनी विचारलं.

“मागितले नाहीत कुणी.”

“आठ महिने?”

मी बरणीचं झाकण उगाच घट्ट केलं.

“बाबल, आज कशाला आणलेस?”

खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण बाईंपुढं ते जमत नाही. “सर पत्र घेऊन गेले असते. लेख छापून आला असता. मग हे तुमच्यापुढं उघडून दाखवणार होतो. बघा, दहावी पास माणसाला जे कळलं ते...”

“म्हणजे तो खड्ड्यात पडल्यावर दिवा आणणार होतास.”

“हो.”

“गाठ मारायला मी शिकवलं तुला. लपवायला कुणी शिकवलं?”

मला लाज वाटली. मी आजवर समजत होतो, की त्या नऊ शिंपल्यांना मी वाचवलं. खरं तर माझ्या पेटीत ते जितके दिवस होते, तितके दिवस ते माझ्या रागाच्या कामाला होते.

सरांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नळावर जाऊन हात धुतले, पुसले, पायरीवर बसले आणि कोरा कागद बरणीच्या झाकणावर ठेवून लिहायला लागले. फार वेळ लागला. ओळी दोनच होत्या. लिहून झाल्यावर कागद त्यांनी बाईंना दिला आणि बाईंनी तो माझ्याकडे दिला.

“वाच.”

मी वाचलं: “या दोन बरण्यांतल्या एकसष्ट किड्यांची घरं माझ्या हातून हरवली आहेत. त्यांच्या दोन जाती आहेत, असं मी आज म्हणू शकत नाही.”

खाली सही, इंदुमती वझे.

“माझ्या लक्षातच आलं नाही,” सर गडबडले. “मी माझ्याबद्दल लिहिलं, आणि खाली सही तुमची! दुसरा कागद द्या, बाई. मी माझ्या सहीनं लिहितो.”

“राहू दे. मलाही लागू पडतं.”

“तुम्हाला कसं?”

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“एकोणतीस वर्षांची होते. ताऱ्यासारखा असतो ना, तारामासा, त्याच्या पोटाखाली एक बारका खवल्यांचा किडा सापडला. मी नवी जात म्हणून जाहीर केला. लोक वाहवा म्हणाले. तीन वर्षांनी मला कळलं, की तो आधीपासून माहीत असलेल्या मोठ्या किड्याचा नर आहे.”

“मग?”

“कुणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.”

“अजून?”

“सत्तेचाळीस वर्षं झाली. नाव अजून पुस्तकात आहे. पोरं पाठ करतात.” त्या थांबल्या. “त्याच्यावरच मला कायमची जागा मिळाली होती.”

एकवीस वर्षं मी त्यांचा डबा पोचवला, बरण्या पुसल्या, गाठी शिकलो. हे मला ठाऊक नव्हतं. गाठी इतक्या कडक का मारायला लावायच्या, ते मला त्या दिवशी कळलं. आणि कळल्यावर बाई मला लहान वाटल्या नाहीत, हेही सांगून टाकतो.

“हा कागद पाठव,” त्या सरांना म्हणाल्या. “आहे तसा. संपादक गोंधळतील. गोंधळू देत. मी आणखी एक पत्र लिहीन, माझ्या त्या किड्याचं. अक्षर तेवढं तुझं लागेल.”

सरांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

मी बरणीचं झाकण काढलं. एक शिंपला बाहेर घेतला, ताटलीत ठेवला, सरांच्या पुढं सरकवला. त्यांनी तो परत माझ्याकडे सरकवला. मी दोरा सोडला, चिठ्ठी बाजूला ठेवली, काडीच्या फटीतून सुरी घातली. कल्ल्याचा पडदा चिमट्यानं उचलला.

मोठी होती. कडेला, तिच्या अंगाला लागून, एक लहान.

सरांनी श्वास सोडला. “नवरा-बायको.”

“एका घरावरून गाव सांगू नकोस,” बाई म्हणाल्या.

दुसरा उघडला. मोठी एकटीच. मी पडदा चार वेळा उलटून पाहिला.

तिसऱ्यात मोठी, आणि लहान दोन. दोघांपैकी एकाचा रंग जरा निराळा होता.

“हा आणखी वेगळा असेल?” सर पुटपुटले. ते इतके वाकले होते, की त्यांचं कपाळ माझ्या कपाळाला लागत होतं. “काका, याचा नंबर काय?”

“सत्तेचाळीस.”

“लिहा. त्याला दुसऱ्या नळीत ठेवू. घराचा नंबर तोच.”

मी लिहिलं. उरलेले सहा बाईंनी उघडू दिले नाहीत. चांगला मायक्रोस्कोप असेल तिथं उघडा, म्हणाल्या. मी झाकण लावलं. ऊन पायरीवरून खाली उतरलं होतं, गाडीवाला दोनदा डोकावून गेला होता.

निघताना सरांनी बाईंना वाकून नमस्कार केला. मीही केला. बरण्या आता तीन झाल्या होत्या. एकसष्टांच्या दोन त्यांच्या हातात, नऊ शिंपल्यांची माझ्या.

सर पायरीवर थांबले.

“बाई, गुरुवारी समितीपुढं काय सांगू? दोन जाती गेल्या. उरले ते हे शिंपले, आणि ते काही मी राखलेले नाहीत. काकांचे आहेत.”

“सर, ते संस्थेचे...” मी म्हणायला लागलो.

“काका, थांबा जरा.” सर बाईंकडेच बघत होते. “आत बोलावतील, बसायला सांगतील, विचारतील काय शोधलंस. सांगा ना, बाई. काय म्हणू?”

बाईंनी आम्हां दोघांकडे बघितलं. आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

“म्हणावं, खुर्च्या दोन ठेवा.”